एस. राम यांच्या पडून राहिलेल्या चाली

खडकीच्या फॅक्टरीत टेलिफोन एक्स्चेंजवर शालन भालेरावने उमेदीची सगळी वर्षं काढली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची पाटी, हातात दोऱ्या आणि तोंडात एकच वाक्य, "थांबा हं, जोडून देते." आवाज गोड होता. फोनवर खेकसणारे साहेब लोकसुद्धा तिच्याशी दोन शब्द नीट बोलत. पुढे सगळीकडे आली तशी तिथेही नवी यंत्रं आली. नंबर दाबला की तो परस्पर जोडला जाऊ लागला, आणि नाही लागला तर तसं सांगायला आतून टेप केलेली एक बाई बोलू लागली. एक्स्चेंजच्या खोलीला कुलूप लागलं आणि शालनला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तिथे बोलायचं कारणच नव्हतं. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का.

तिला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर हल्ली तिला कशाचंच फारसं काही वाटत नसे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुडघ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. निवृत्तीला अजून अवकाश होता. मुलगी दीक्षा हडपसरच्या एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करायची. संध्याकाळी विश्रांतवाडीच्या चौकात कंपनीची गाडी तिला न्यायला येई आणि सकाळी आणून सोडी. शालन डबा घेऊन बाहेर पडायची तेव्हा दीक्षा चपला काढत आत यायची. "दूध तापवलंय." "झोप नीट." मायलेकींचं बोलणं बहुतेक उंबऱ्यातच व्हायचं.

सन दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात एके दिवशी ती ऑफिसातून येऊन पाय लांब करून बसली होती, तेवढ्यात तिच्या धाकट्या भावाचा, अभयचा फोन आला. अभय बँकेत अधिकारी होता, पिंपरीला राहायचा.

"ताई, बसली आहेस ना? मग बसूनच ऐक. मुंबईहून सिनेमावाल्यांचा फोन होता. अण्णांच्या चाली हव्यात त्यांना."

"कुठल्या चाली?"

"कुठल्याही. न वापरलेल्या."

"न वापरलेल्याच आहेत सगळ्या," शालन म्हणाली.

अण्णा म्हणजे त्यांचे वडील, सीताराम रणपिसे. खडकीच्या लष्करी बँडात ते क्लॅरिनेट वाजवायला शिकले. हात चांगला होता, नोटेशन वाचता यायचं, म्हणून कुणीतरी त्यांना मुंबईच्या स्टुडिओत नेलं. तिथे दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवता वाजवता स्वतःच्या चाली बांधायचं वेड लागलं. बायको-मुलं खडकीतच राहिली. अण्णा महिन्यातून दोनदा यायचे. त्यांना संगीतकार म्हणून दोन हिंदी चित्रपट मिळाले. पहिला आठवडाभर चालला. दुसरा डब्यातच राहिला. पहिल्याच्या पाटीवर त्यांचं नाव 'एस. राम' असं होतं. तसं ठेवा असं निर्मात्यानेच सुचवलं होतं. रणपिसे हे जरा जड वाटतं, असं तो म्हणाला. अण्णांनी त्यावर काही वाद घातला नाही. एकदा शालनने विचारलं तर म्हणाले, "त्यांना जड वाटतं ते नाव नाही." बोट जातीकडे होतं, हे तिला कळायला मध्ये बरीच वर्षं जावी लागली.

शेवटी ते परत आले आणि लग्नाच्या बँडात वाजवू लागले. अठ्ठ्याऐंशी साली गेले. बँडवाले सोबती खांद्याला होते. मुंबईचं कुणी आलं नव्हतं.

रविवारी सिनेमावाले विश्रांतवाडीला शालनच्या घरी आले. अभय आधीच येऊन बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. आलेले दोघेच होते. समर्थ नावाचा तिशीतला संगीतकार. मूळचा कोथरूडचा, आता अंधेरीला राहणारा. आणि त्याची सहायक चैताली, खांद्याला लॅपटॉपची बॅग. शालनने चौथ्या मजल्यावर चढून आलेल्या माणसांना आधी पाणी दिलं.

"काकू, मी सरळ मुद्द्यावर येतो," समर्थ म्हणाला. "मी एक हिंदी फिल्म करतोय. आजचीच आहे, आयटीतली पोरं वगैरे. पण डायरेक्टरला त्यात एक जुन्या वळणाचा आवाज हवाय. नवीन माणसाने जुन्यासारखं केलेलं नको, खरंच जुनं हवंय. एका निर्मात्याचं गोडाऊन रिकामं करत होते, तिथे आम्हाला एक रीळ सापडलं. त्यावर लिहिलं होतं, एस. राम. शोधत शोधत अभय सरांपर्यंत आलो."

चैतालीने लॅपटॉप उघडला. आधी नुसती खरखर. मग पेटी. आणि मग एका मुलीचा आवाज, कोवळा, थोडा घाबरलेला, पण सुरात. मुखडा दोनदा झाला. मग पट्टी फाटल्यासारखा आवाज झाला आणि सगळं थांबलं.

"पुढचं खराब झालंय," चैताली म्हणाली. "मुखडा किलर आहे. पण अंतराच नाही. आणि ही मुलगी कोण ते कळत नाही. कुणी तेव्हाची सिंगर असेल ना?"

"मी आहे ती," शालन म्हणाली.

समर्थने चैतालीकडे पाहिलं, चैतालीने अभयकडे. आतल्या खोलीतून दीक्षा डोळे चोळत बाहेर आली होती. ती दारातच थांबली. तिच्या जन्मात तिने आईला गाताना ऐकलं नव्हतं.

शालनला तो आवाज ऐकून भरून वगैरे आलं नाही. पहिली आठवण झाली ती भुकेची. त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.

ती पंधरा वर्षांची झाल्यावर अण्णा तिला बरोबर न्यायला लागले होते. गाणं पुढे कुणीतरी नावाजलेली गायिका गाणार. पण निर्मात्याला चाल कळावी म्हणून आधी कुणीतरी गाऊन दाखवायचं असतं. बाहेरचा माणूस आणला तर त्याला पैसे द्यावे लागतात, म्हणून शालन. शाळा बुडवून पहाटेची गाडी धरायची, पेटी दोघांनी मिळून धरायची, आणि मग दादर, माहीम, खार. कुठल्यातरी ऑफिसात बाकावर बसायचं. आत बोलावलं की गायचं. शब्द कसलेही, अण्णा जमतील तसे जोडायचे. ऐकणारा कधी नखं कुरतडायचा, कधी फोनवर बोलायचा. शेवटी म्हणायचा, "बच्ची का गला मीठा है. धुन देखेंगे." मग परत गाडी. चाल आवडली का, हे अण्णा कधी तिला विचारत नसत आणि ती सांगत नसे. अशी चारेक वर्षं गेली. फॅक्टरीत नोकरी लागल्यावर तिने जाणं सोडलं आणि त्याबरोबर गाणंही. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. पुन्हा धरायलाही कुणी सांगितलं नाही.

"काकू, अंतरा आठवतो तुम्हाला?" समर्थने विचारलं.

"आठवत असेल."

"आणि बाकीच्या चाली?"

"असतील डोक्यात. काढायला लागतील."

"ताईला सगळं पाठ आहे," अभय घाईने म्हणाला. तो तेव्हा लहान होता, त्याला काय पाठ आहे ते माहीत असायचं कारण नव्हतं. मग त्याने मनातली गोष्ट काढली. "फक्त एक अट आहे. नाव पूर्ण यायला पाहिजे. एस. राम नाही. सीताराम रणपिसे."

"ऑफ कोर्स," समर्थ म्हणाला. "स्टोरीच ती आहे ना सर. प्रोड्यूसरने त्यासाठीच तर हो म्हटलंय. विस्मृतीत गेलेला संगीतकार, त्याच्या न वापरलेल्या चाली."

रेकॉर्डिंगसाठी त्यांनी एरंडवण्यातला एक छोटा स्टुडिओ घेतला. शालन ऑफिसातून अर्धी रजा टाकून खडकीहून दोन बस बदलत जायची. काचेपलीकडे समर्थ आणि चैताली, अलीकडे ती एकटी, कानावर हेडफोन. हेडफोनची सवय होती. एवढीच एक गोष्ट तिला तिथे ओळखीची वाटली.

पहिल्या दिवशी आवाजच लागेना. खाली खरखरायचा, वर फाटायचा. ती दोन ओळी म्हणायची आणि पाणी मागायची. समर्थ मुलगा चांगला होता, घाई करत नव्हता. "काकू, तुमचा आवाज फिल्ममध्ये जाणारच नाहीये. नुसती चाल कळली तरी पुरे."

"माहीत आहे मला," शालन म्हणाली. "हे काम मी आधी केलंय."

हळूहळू चाली यायला लागल्या. एकेक चाल बाहेर काढली की तिच्याबरोबर कुठलातरी बाक यायचा, कुठलंतरी ऑफिस, भिंतीवरचं कुणाचं तरी पोस्टर. ती थकून घरी यायची आणि भाकरी न करता कालचंच काहीतरी खाऊन पडायची. अण्णांच्या चाली चांगल्या होत्या, हे तिला तेव्हाही कळत होतं. आता एकामागून एक म्हणताना आणखी एक कळलं. त्या सगळ्या वर जायला निघायच्या आणि मध्येच जपून खाली यायच्या. परक्याच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसावं, तशा.

सगळ्या चाली दिल्यावर समर्थने दोन दिवस घेतले आणि तिला पुन्हा बोलावलं. त्याचा चेहरा उजळलेला होता.

"रिळातलीच घेतोय आपण," तो म्हणाला. "बाकीच्या सुंदर आहेत, पण ही वेगळीच आहे. आणि त्यातही अंतरा! काकू, मुखडा ऐकला की वाटतं, ठीक, त्या काळातला चांगला संगीतकार. पण अंतरा सुरू झाला की असं वाटतं, दुसऱ्याच कुणीतरी खिडकी उघडली. हे त्यांना सुचलं कसं, विचार करतोय मी."

शालन पर्समध्ये बसचा पास शोधत होती. ती म्हणाली, "तो त्यांना नव्हता सुचला. तो माझा आहे."

सांगायचं असं काही तिने ठरवलेलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं.

चैतालीचे हात की-बोर्डवर थांबले. समर्थ खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "म्हणजे?"

मग तिने सांगितलं. सत्तर सालाच्या आधीची गोष्ट. खारला एक निर्माता होता, त्याच्या ऑफिसात टेपरेकॉर्डर होता आणि तो बैठक टेप करायचा. सापडलेलं रीळ तिथलंच. मुखडा त्याला आवडला. तो म्हणाला, आता अंतरा सुनाओ. अण्णांकडे अंतरा नव्हता. मुखडा आवडला तर पुढचं बघू, असं त्यांचं नेहमीचं. ती बरोबर जायला लागल्यापासून कुणी अंतऱ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. अण्णांची बोटं पेटीवर थांबली. ती शांतता शालनला सहन झाली नाही. तिने डोळे मिटले आणि मुखड्याच्या शेवटापासून वर निघाली. कुठे जातोय हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. पण गेली, पार वरच्या गंधारावर जाऊन उभी राहिली आणि तिथून उतरली. अण्णा पेटीवर तिच्या मागोमाग आले. निर्माता उठून उभा राहिला होता. "क्या बात है राम साहब," तो म्हणाला. राम साहबांना.

"आणि मग?"

"मग काय. तो चित्रपटच निघाला नाही."

"नाही, वडील काय म्हणाले?"

शालनने पास पर्समध्ये परत ठेवला. "कर्जत येईपर्यंत काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, पुन्हा असं करू नकोस. घरी आल्यावर त्यांनी तोच अंतरा मला शिकवला, त्यांचा असल्यासारखा. फक्त वरचा गंधार काढला. रिषभावरूनच परत फिरवला. म्हणाले, इतकं वर जाऊन मागायचं नसतं कुणाकडे. तुम्हाला मी दिला तो तसाच दिला, त्यांनी शिकवलेला."

समर्थने तिच्यावर विश्वास ठेवला, हे त्याच्या डोळ्यांतच दिसत होतं. आणि म्हणूनच तो अडचणीत आला होता.

"काकू, मी तुम्हाला खोटं नाही सांगणार. प्रोड्यूसरने जी गोष्ट विकत घेतली आहे ती तुमच्या वडिलांची आहे. आता मी जाऊन सांगितलं की अर्धं गाणं मुलीचं आहे, तर आधी वकील येतील. मग तो म्हणेल, पुरावा काय. मग म्हणेल, सोड, दुसरं गाणं घे. तो तसाच आहे. पण तुम्ही म्हणालात तर मी बोलतो. तुम्हाला काय हवंय, सांगा."

तुम्हाला काय हवंय, असं तिला गेल्या कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. भाजीवाला विचारायचा तेवढंच. "बघते," म्हणून ती निघाली.

रविवारी अभयला तिने बोलावून सांगितलं. तो आधी हसला, मग उठून उभा राहिला.

"ताई, आत्ता? आत्ताच आठवलं तुला हे?"

"आठवायला विसरले कधी होते?"

"मग इतकी वर्षं का नाही बोललीस?"

"कुणी गाणंच काढलं नाही इतकी वर्षं. कुणाला सांगायचं होतं? एक्स्चेंजवर?"

"हे बघ," अभय खालच्या आवाजात म्हणाला, "त्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात बसून काढलं. शेवटी वरातीत वाजवलं. मी बघितलंय ते. माझ्याबरोबर कॉलेजात असलेल्या एका मुलाच्या वरातीत होते ते, आणि मी तोंड लपवून दुसऱ्या गल्लीने गेलो. आता त्यांचं नाव, पूर्ण नाव, पडद्यावर येतंय. त्यात तू म्हणतेस की चाल अर्धी त्यांची नव्हतीच. मग राहिलं काय त्यांचं?"

"मामा, आईचं काय राहिलं?" दीक्षा आतून आली. रात्रपाळीने तिचे डोळे लाल झाले होते. "फिरंग्यांशी बोलताना मला रोज डायना म्हणून बोलावं लागतं. मला विचार दुसऱ्याच्या नावाने बोलताना कसं वाटतं ते. आई, तू सोडू नकोस हं. लिहून घे त्यांच्याकडून."

"तू लहान आहेस, तुला यातलं कळत नाही," अभय म्हणाला.

"मी पंचवीस वर्षांची आहे."

दोघांची जुंपली. शालन मध्ये बसून दोघांकडे पाहत राहिली. दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघांनाही तिच्याकडून काहीतरी हवं होतं. तिला वाटलं, आता हे दोघं गप्प बसले तर बरं. अण्णांवर राग आहे का, हे तिने स्वतःशी चाचपून पाहिलं. राग असा सापडला नाही. गाडीत खिडकीशी बसलेला, मांडीवर पेटी घेतलेला, कर्जतपर्यंत एक शब्द न बोललेला माणूस मात्र दिसला. त्याला त्या दिवशी पोरीचा अभिमान वाटला असेल की भीती वाटली असेल, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं. दोन्ही असेल. आणि मागायचं नसतं म्हणताना तो तिच्याशीच बोलत होता की स्वतःशी, तेही.

"चहा टाकते," ती म्हणाली आणि उठली. तो विषय त्या दिवशी तिथेच राहिला.

पुढच्या आठवड्यात ती स्वतः समर्थकडे गेली.

"नाव अण्णांचंच घाला," ती म्हणाली. "पूर्ण घाला. सीताराम रणपिसे. पण अंतरा मी खारला म्हटला तसा घ्या. गंधारापर्यंत."

समर्थने विचारलं, "एवढंच?"

"एवढंच कसं? तुमच्या गायिकेला विचारा, ते किती वर आहे."

तो हसला. मग तिने उभ्या उभ्याच म्हणून दाखवला. वरचा सूर तिच्याच्याने लागला नाही. आवाज चिरकला आणि तुटला. ती थांबली, घसा साफ केला आणि बोटाने हवेत जागा दाखवली. "तिथे." चैतालीने की-बोर्डवर पेटीच्या आवाजात तो सूर वाजवून विचारलं, "हा?" शालन म्हणाली, "हा."

मुंबईची तरुण गायिका पुण्याला आली तेव्हा समर्थने शालनला मुद्दाम बोलावलं. मुलगी गुणी होती. पहिल्या दोन वेळा ती वर जाताना चाचरली, तिसऱ्यांदा गेली, आणि तिथे उभी राहिली, घाई न करता. शालन काचेच्या या बाजूला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. इतक्या वर्षांपूर्वी आपण नेमकं कुठे जाऊन आलो होतो, ते तिने तेव्हा पहिल्यांदा बाहेरून ऐकलं. मग समर्थ म्हणाला, "लव्हली, सेफ्टीसाठी अजून एक घेऊ," आणि मग ते अजून एक, अजून एक घेत राहिले. सातव्या-आठव्या वेळी शालनला डुलकी लागली. चैतालीने तिला हलवून जागं केलं आणि रिक्षा बोलावून दिली.

चित्रपट दिवाळीनंतर आला. अभयने सगळ्यांची तिकिटं काढली होती, मल्टिप्लेक्समधली, खुर्च्या मागे कलणाऱ्या. सुरुवातीच्या नावांत एका कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत सीताराम रणपिसे असं आलं आणि गेलं. वाचायला जेमतेम वेळ मिळाला. अभयने शालनचा हात घट्ट धरला. तो अंधारात रडत होता, पन्नाशीला आलेला माणूस, खांदे हलवत. शालनला बरं वाटलं. अगदी खरं बरं वाटलं. त्या एका कोपऱ्यासाठी हे सगळं झालं असेल तरी चालेल, असं तिला त्या क्षणी वाटून गेलं.

गाणं मध्यंतरानंतर होतं. नायक-नायिका हिंजवडीच्या काचेच्या इमारतींमधून गाडीने चाललेले. मुखडा एकदा झाला. खाली ड्रमचा ठेका होता, पण चाल स्वच्छ ऐकू येत होती. मुखडा परत झाला. मग नायकाचा मोबाइल वाजला, गाडी वळली आणि पुढचा प्रसंग सुरू झाला.

दीक्षा खुर्चीत ताठ बसली. "अंतरा कुठाय? आई, अंतरा कापला त्यांनी!" मागच्या रांगेतल्या कुणीतरी शुक् केलं.

"सीडीत असेल," शालन म्हणाली.

सीडीत होता. समर्थने फोन करून माफी मागितली; लांबी जास्त होत होती, एडिटिंगमध्ये गेला, त्याच्या हातात नव्हतं. तो खरंच ओशाळला होता. शालननेच त्याची समजूत काढली. चित्रपट बरा चालला. मानधनाचे जे पैसे आले ते भावा-बहिणीने वाटून घेतले. वर्तमानपत्रांत एक-दोन ठिकाणी अण्णांबद्दल छापून आलं, एका ठिकाणी क्लॅरिनेटऐवजी सनई लिहिलेलं. अभयने खडकीच्या विहारात छोटा कार्यक्रम ठेवला. अण्णांबरोबर बँडात वाजवलेले दोन म्हातारे आले होते, त्यांना शाल दिली. अभय छान बोलला. शेवटी लोक म्हणाले, शालनताई, त्यातलं काहीतरी म्हणा. ती म्हणाली, घसा बरा नाही. अभयने माइक घेतला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "त्या गाण्यातला अंतरा ताईचा आहे. तो सिनेमात नाही. सीडीत आहे. तो ऐका." आणि घाईघाईने आभार मानायला लागला. लोकांना नीट कळलं नाही. एक म्हातारा टाळी वाजवत होता, तो शालनकडे बघून आणखी जोरात वाजवू लागला.

घरी परत येताना रिक्षात दीक्षाने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि चौक येईपर्यंत झोपून गेली. तिला अर्ध्या तासात हडपसरला निघायचं होतं.

जानेवारीत एका संध्याकाळी समर्थचा पुन्हा फोन आला. शालन तांदूळ निवडत होती.

"काकू, नवीन फिल्म मिळालीये. मला तुमच्या चाली हव्यात."

"अण्णांच्या सगळ्या दिल्या तुम्हाला. आता नाहीत डोक्यात."

"अण्णांच्या नाही. तुमच्या. तुम्ही अजून काय काय केलं असेल ना. ह्या वेळी नाव तुमचं, मी आधीच बोलून ठेवलंय."

शालनने खरोखर आठवून पाहिलं. माहीमचा बाक, दादरचा जिना, घरातली पेटी, एक्स्चेंजच्या खोलीतली दुपार. फॅक्टरीचा भोंगा. लग्न. दीक्षाला झोपवताना काही म्हटलं होतं का? नव्हतं म्हटलं, तेव्हा दुसरी पाळी असायची, दीक्षा सासूजवळ झोपायची.

"नाहीत हो," ती म्हणाली. "तो एकच होता."

"असं कसं? ज्याला तो सुचतो त्याला..."

"सुचला असता. पुढे सुचायला कुणी बसवलं नाही, आणि मीही बसले नाही. आता उगीच कशाला तुम्हाला सांगू?"

"मग आता बसा," समर्थ म्हणाला. "घाई नाही. सहा महिने घ्या."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "समर्थ, मी दमलेय रे बाबा. सकाळी सातला निघते मी घरातून."

तोही हसला, पण फोन ठेवताना म्हणाला की तो पुन्हा विचारणार आहे. तिने ताट जवळ ओढलं, चष्मा नीट केला आणि उरलेले तांदूळ निवडायला घेतले. बाहेर आळंदी रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. दीक्षाची गाडी आज उशिरा येणार असं दिसत होतं. तिला जेवूनच पाठवावं म्हणून शालन उठली आणि गुडघा धरत आत गेली.